डबा त्यांचा, माल आपला

मनमाडचं पोट गाडी बदलणाऱ्या माणसांवर चालतं. मुंबई-भुसावळ मार्गावरून आलेला प्रवासी इथे उतरतो आणि दौंडकडच्या किंवा छत्रपती संभाजीनगर-नांदेडकडच्या गाडीची वाट बघत बसतो. शिर्डीला स्वतःचं स्टेशन झालं तरी साईभक्त अजूनही इथे उतरतात आणि पुढचं साठेक किलोमीटर अंतर जीपने, टॅक्सीने कापतात. त्यामुळे स्टेशनच्या आजूबाजूला लॉज, खानावळी, टॅक्सीवाले यांची दाटी. यांची व्हिजिटिंग कार्डं, दरपत्रकं आणि हंगामात लग्नपत्रिका यांवर माझं डीटीपीचं दुकान उभं राहिलं. २०१६च्या अखेरीला जिओचं स्वस्त इंटरनेट हातोहाती पोचलं आणि हीच माणसं काउंटरवर कोपर टेकवून विचारायला लागली, "ताई, वेबसाइटपण करून देता का?"

मी प्रोग्रामर नाही. कोरल ड्रॉ आणि पेजमेकर एवढंच मला येत होतं. पण ऑनलाइन वेबसाइट बिल्डर तेव्हा आले होते. ब्राउझरमध्येच खातं उघडायचं, तयार टेम्पलेटमधलं एक निवडायचं, फोटो ओढून जागेवर टाकायचे, मजकूर लिहायचा आणि पब्लिशचं बटण दाबायचं. सर्व्हर सांभाळणं, सुरक्षा, देखभाल सगळं त्या कंपनीकडे. आपण महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं भरायचं. फुकटचा प्लॅन घेतला तर पानावर कंपनीची जाहिरात येणार आणि पत्त्यात आपल्या नावापुढे कंपनीचं नाव. या साधनांमुळेच मी या कामात शिरू शकले आणि गावातल्या कितीतरी छोट्या व्यावसायिकांना इंटरनेटवर पाय ठेवता आला. तोट्यांबद्दल लिहायला बसले आहे, म्हणून हे आधी नोंदवते.

बिल्डरचे तोटे पहिल्या दिवशी दिसत नाहीत. पहिलं वर्षही गोड जातं. खरी परीक्षा तिथून निघायची वेळ आली की होते. इतक्या वर्षांच्या कामातून मी शिकले ते मुख्यतः निघण्याबद्दलच.

स्टेशनजवळच्या एका लॉजची वेबसाइट मालकांच्या आग्रहावरून फुकटच्या प्लॅनवर केली होती. खोल्यांचे फोटो, दर, गाड्यांच्या वेळा, शिर्डीच्या टॅक्सीचा नंबर. साधं पण कामाचं पान होतं. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी तो पत्ता पाटीवर रंगवून घेतला, कार्डांवर छापला, खोल्यांच्या किल्ल्यांना लावलेल्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांवरही टाकला. दोन-तीन वर्षांनी धंदा वाढला, तेव्हा पानावरची परक्या कंपनीची जाहिरात त्यांना खटकायला लागली. त्यांनी स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यायचं आणि दुसरीकडे जायचं ठरवलं. नवी वेबसाइट झाली, चांगली झाली. पण जुना पत्ता कंपनीच्या नावाखालचा होता. तो आपल्याबरोबर येत नाही आणि त्यावर आलेल्या माणसाला नव्या घराकडे वळवण्याची सोयही त्या प्लॅनमध्ये नव्हती. खातं बंद केल्यावर पत्ता मेला. दरवर्षी येणाऱ्या सिकंदराबादच्या एका यात्रेकरूने जुन्या कार्डावरचा पत्ता टाकून पाहिला, काही उघडलं नाही, आणि लॉज बंद पडलं असं समजून त्याने मुक्काम दुसरीकडे केला. पुढच्या खेपेला स्टेशनबाहेर योगायोगाने भेट झाली तेव्हा हे कळलं. असे किती जण न भेटता निघून गेले, ते मालकांना कधीच कळणार नाही.

हा प्रश्न मला माझ्या वडिलांमुळे नीट समजला. ते रेल्वेच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये होते, जिथे पुलांचे गर्डर बनतात तिथे. त्यांच्या तरुणपणी मनमाडला दोन मापांचे रूळ होते. मुंबईकडची ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर रुंदीची, आणि निजामाच्या काळात टाकलेली सिकंदराबादकडची मीटरगेज, १००० मिलिमीटरची. मराठवाड्यातून आलेली वाघीण मनमाडच्या पुढे जाऊच शकत नसे. तिच्यातला माल हमालांनी उतरवायचा आणि शेजारच्या ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरायचा. या चढउतारात पोती फाटायची, नग कमी भरायचे, वेळ जायचा तो वेगळाच. नव्वदच्या दशकात मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं तेव्हा कुठे हा खटाटोप थांबला. प्रत्येक बिल्डरचे रूळ त्याच्या त्याच्या मापाचे असतात. त्यावर घडवलेलं पान दुसऱ्या कुणाच्या रुळांवर चालत नाही. माल आपला असतो, पण तो हाताने एकेक नग उतरवून घ्यावा लागतो. आणि किती उतरवू द्यायचा, ते कंपनी ठरवते.

किती उतरवू देतात, ते येवल्याच्या कामात दिसलं. येवला इथून तासाभराच्या आत. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर तिथल्या विणकर घरांना बाहेरून थेट गिऱ्हाईक मिळू लागलं. अशाच एका घरासाठी मी बिल्डरवर ऑनलाइन दुकान उभं केलं. प्रत्येक साडीचं वेगळं पान: काठ नारळी की मुनियाचा, पदरावर बांगडी मोर की आसवली, जर कोणती, विणायला किती दिवस लागले. मजकूर घरातल्या सूनबाई स्वतः लिहायच्या आणि फार प्रेमाने लिहायच्या. काही वर्षांत तो त्या घराच्या कामाचा दस्तऐवजच झाला.

मग भाडं वाढलं, आणि विक्रीवर कमिशनही द्यावं लागेल असं कळवण्यात आलं. आम्ही दुकान हलवायचं ठरवलं. माल बाहेर काढण्याची सोय होती. बटण दाबलं, एक फाइल मिळाली. त्यात साडीचं नाव, किंमत, वर्णन होतं. पानांची मांडणी नव्हती, गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय नव्हते. फोटोंच्या रकान्यात फोटो नव्हतेच, त्यांच्या लिंक होत्या. त्या लिंक त्याच कंपनीच्या सर्व्हरवर जात होत्या, म्हणजे खातं बंद केलं की सगळे रकाने रिकामे. खातं चालू असतानाच बसून एकेक फोटो उतरवून घेतला, तर दुसरी गोष्ट लक्षात आली. पान लवकर उघडावं म्हणून बिल्डर फोटो बारीक करून ठेवतो. मोबाइलच्या पडद्यावर ते खपून जातं, पण छापायला काढले तर जरीचं तेज मातकट दिसत होतं. मूळ फोटो ज्या मोबाइलवर काढले होते तो केव्हाच बिघडला होता. नव्याने फोटो काढावेत म्हटलं तर साड्या कुठे होत्या? हातमागावर विणलेली साडी विकली गेली की गेली. तिच्या नक्षीची या घराकडे उरलेली एकमेव खूण म्हणजे ते बारीक झालेले फोटो.

माझ्या कामाचं वळण इथे बदललं. तोपर्यंत कोणता बिल्डर स्वस्त, कोणाचे टेम्पलेट देखणे, याचीच मी तुलना करत असे. त्यानंतर माझा पहिला प्रश्न बदलला. इथून निघायचं ठरलं तर आपल्याला बरोबर काय नेता येईल, हे मी आधी बघायला लागले.

पैशाचा भाग वेगळाच. पहिल्या वर्षाचा दर जाहिरातीतला असतो. दुसऱ्या वर्षी खरा दर लागतो. कंपनी परदेशी असेल तर दर डॉलरमध्ये, त्यावर १८ टक्के जीएसटी, त्यावर बँकेचं चलन बदलण्याचं शुल्क. रुपया घसरला की काही न करता भाडं वाढतं. आणि पैसे भरायला कार्ड लागतं. आपल्याकडे लॉजमालक, क्लासवाले, किराणा दुकानदार सगळे यूपीआयवर आणि रोखीवर जगतात. परदेशी व्यवहाराला चालणारं कार्ड असतं ते घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडे.

एका कोचिंग क्लासच्या बाबतीत हे सगळं एकदम अंगावर आलं. क्लास सरांचा, पण वेबसाइटचं खातं त्यांच्या पुतण्याच्या ईमेलवर, कार्ड पुतण्याचं, ओटीपी पुतण्याच्या मोबाइलवर. पुतण्या नोकरीला पुण्याला गेला. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांबाबतचे नियम पूर्णपणे लागू झाले. ग्राहकाने आधी नोंदणी करायची, पैसे कापण्याआधी त्याला कळवायचं, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी त्याची मंजुरी घ्यायची. ही मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, २०२२मध्ये ती १५,००० झाली. नियम गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आहेत आणि मला ते योग्यच वाटतात. पण ज्या कंपन्यांनी ही व्यवस्था तेव्हा केली नव्हती त्यांची वसुली थांबली. सरांच्या वेबसाइटचे पैसे गेले नाहीत. कंपनीने ईमेल पाठवले, इंग्रजीत, पुतण्याच्या जुन्या खात्यावर, जे तो उघडत नव्हता. ऐन प्रवेशाच्या दिवसांत वेबसाइट बंद. कंपनीला फोन करायला नंबर नव्हता. चॅटवर लिहिलं तर उत्तर आलं की खातेदाराशिवाय कोणाशी बोलता येत नाही. क्लास सरांचा, विद्यार्थी सरांचे, पाटीवर नाव सरांचं; पण कंपनीच्या वहीत खातेदार पुतण्या. तो काही वाईट मुलगा नव्हता. रात्री फोन लागला आणि त्याने सगळं करून दिलं. पण तोवर पालकांनी दुसऱ्या क्लासमध्ये चौकशा केल्या होत्या.

डोमेनचंही असंच. बिल्डर पहिल्या वर्षी डोमेन भेट देतात. भेट घेताना ते कोणाच्या नावावर नोंदवलं गेलं, नूतनीकरणाचा दर काय, दुसरीकडे न्यायचं तर ट्रान्सफर कोड कुठून मिळतो, हे कोणी विचारत नाही. नवं .कॉम डोमेन घेतलं तर सर्वसाधारणपणे पहिले ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. मुदत संपली आणि सवलतीचे दिवसही उलटले तर ते परत मिळवायला मोठा दंड भरावा लागतो, आणि शेवटी ते कोणालाही विकत घेता येतं. तुमच्या लॉजच्या नावाच्या पत्त्यावर उद्या भलत्याच गोष्टीची जाहिरात दिसू शकते.

कंपनी मोठी असली की भीती नाही, असं बरेच जण मला सांगतात. अनुभव तसा नाही. जिओसिटीज ही १९९४ साली सुरू झालेली फुकट वेबपानांची सेवा. जगभरच्या लाखो लोकांनी तिथे आपली पहिली पानं बनवली. १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धडपडून त्यातला बराच भाग उतरवून घेतला, म्हणून आज त्याच्या खुणा तरी सापडतात. आपल्या जवळचं उदाहरण गूगलचं. २०१७मध्ये गूगलने छोट्या व्यावसायिकांसाठी फुकट वेबसाइट बनवण्याची सोय भारतात आणली. ती मराठीतही होती. मार्च २०२४मध्ये ही सोय बंद झाली. त्या पत्त्यांवर येणारे लोक १० जून २०२४पर्यंत दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे वळवले जात होते; त्यानंतर तेही थांबलं. सूचना आधी दिली होती, नियमाने सगळं झालं. पण ज्याने तो पत्ता पाटीवर रंगवला असेल त्याची पाटी त्या दिवशी खोटी ठरली. ज्या कंपनीचा धंदा आहे, तो चालू ठेवायचा की नाही हे तीच ठरवणार. आपण आपलं दुकान तिच्या निर्णयावर किती टांगून ठेवायचं, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक त्रास होतो, जो इंग्रजीत वेबसाइट करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. टेम्पलेट रोमन अक्षरांसाठी घडवलेले असतात. मथळ्यात अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची फॅशन आहे. इंग्रजीत ती देखणी दिसते, मराठीत शिरोरेघ तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि ‘पैठणी’ हा शब्द तीन वेगळ्या अक्षरांसारखा दिसतो. दोन ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरची वेलांटी आणि रफार कापले जातात. फॉन्टच्या यादीत शेकडो नावं असतात, पण त्यातल्या बहुतेकांत देवनागरी नसते, मग मोबाइल आपला कुठला तरी फॉन्ट वापरतो आणि प्रत्येक फोनवर पान वेगळं दिसतं. मुक्तासारखे चांगले मोकळे मराठी फॉन्ट आहेत, पण स्वतःचा फॉन्ट चढवण्याची सोय बऱ्याच ठिकाणी महागाच्या प्लॅनमध्येच मिळते. डीटीपी करताना अक्षराचा एक केस इकडचा तिकडे झाला तर मला चैन पडत नाही. इथे चूक डोळ्यांसमोर दिसत असते आणि ती सुधारण्याची किल्ली आपल्याकडे नसते. त्यातच या पानांमागे इतका कोड असतो की नांदगाव किंवा चांदवडच्या बाजूला, जिथे रेंज मध्येच जाते, तिथे पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून फोन खिशात टाकतो.

यावर उपाय म्हणून मी काही काळ सगळं स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेसमध्ये करून पाहिलं. तिथे माल पूर्ण आपला असतो, सॉफ्टवेअर मोकळं आहे, कुठेही नेता येतं. पण राखणही आपल्यालाच करावी लागते. अपडेट मागे पडले तर वेबसाइट फोडली जाते. एका टॅक्सीवाल्याच्या पानावर रातोरात जुगाराच्या लिंक आल्या होत्या आणि ते साफ करताना दमछाक झाली. बिल्डरवर हा त्रास मी पाहिला नाही. ज्याच्याकडे देखभालीला माणूस नाही, त्याला स्वतःचं होस्टिंग घ्या असं सांगणं म्हणजे त्याला संकटात लोटणं. सहा महिन्यांचा उपक्रम असेल, एखादं प्रदर्शन असेल, तर बिल्डरच उत्तम, असं मी आजही सांगते.

म्हणून आता माझं काम वेबसाइट बनवण्याच्या आधी सुरू होतं. डोमेन वेगळ्या नोंदणीदाराकडून, मालकाच्या नावावर, मालकाच्या मोबाइलवर. .इन किंवा .कॉम घ्या, हवं तर .भारत घ्या; ते २०१४च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत सुरू झालं, आणि त्याच्या पहिल्या आठ भाषांत मराठी होती. पाटीवर, कार्डावर, क्यूआर कोडमध्ये हाच पत्ता जातो. मागे बिल्डर कोणताही असो, तो बदलला तरी पाटी बदलावी लागत नाही. खातं दुकानाच्या ईमेलवर, पुतण्या-भाच्याच्या नाही. मूळ फोटो आणि सगळा मजकूर आधी साध्या फाइलमध्ये, मालकाच्या पेनड्राइव्हवर, आणि तिथून मग बिल्डरवर. दर विचारायचा तो तिसऱ्या वर्षाचा. आणि पैसे भरण्याआधी चाचणीच्या खात्यातून माल बाहेर काढून बघायचा: काय येतं, फोटो येतात की नुसत्या लिंक, चौकशी करणाऱ्यांचे नंबर येतात का. दिवाळीत व्यापारी वह्यांची पूजा करतात आणि नवी वही उघडतात. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगितलं आहे की त्याच दिवशी वेबसाइटचीही पूर्ण प्रत काढून ठेवायची. ती सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे.

ज्यांचं काम चार पानांत भागतं त्यांना मी साधी एचटीएमएल पानं लिहून देते. ते मी या वयात शिकले आणि वाटलं होतं तितकं अवघड नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये १९९१ साली सुरू केलेल्या जगातल्या पहिल्या वेबसाइटची जुनी प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते आणि वाचता येते. साध्या पद्धतीने लिहिलेलं टिकतं आणि कोणत्याही सर्व्हरवर नेऊन ठेवता येतं. दर, पत्ता, फोन, शिर्डीचा रस्ता यासाठी याहून जास्त लागत नाही.

त्या लॉजच्या मालकांनी गेल्या वर्षी मला बोलावलं. त्यांच्या सध्याच्या बिल्डरने भाडं वाढवलं होतं. आम्ही हिशोब मांडला. डोमेन त्यांच्या नावावर होतं, फोटो त्यांच्या कपाटात होते, दिवाळीची प्रत ताजी होती. दुसरीकडे हलायला दोन दिवस पुरले असते. मालकांनी थोडा विचार केला आणि आहेत तिथेच राहायचं ठरवलं, कारण दर त्यांच्या मुलाला स्वतः बदलता येतात आणि ती सोय त्यांना वाढीव पैशाच्या मोलाची वाटते. मला हा निर्णय पटला. पहिल्या वेळी निघताना त्यांच्या हाती काही नव्हतं. या वेळी ते राहिले ते निघता येत असताना, भाव कळून, स्वतःच्या मर्जीने. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला देता आलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते.